झारेकऱ्यांची विद्या

सराफांच्या आळीतील धूळ आणि सोनारांच्या बागेसरीतील राख विकत घ्यावी, ती पाण्यात घोळून घोळून धुवावी आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचावे, असा धंदा करणारे झारेकरी आपल्याकडील मोठ्या पेठांच्या गावी पूर्वी असत. सोने ओळखण्यात त्यांचे फारसे कसब खर्ची पडत नसे. ते पोरासही ओळखता येते. त्यांचे खरे कसब हिशेबात होते. गुंजभर सोने हाती लागावे म्हणून दीड गुंजेच्या किमतीचे सरपण आणि मजुरी लागली, तर झारेकऱ्याने दुकान गुंडाळलेले बरे. ज्या विषयाचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो, त्याचेही मर्म हेच आहे. भ्रमणध्वनीच्या संचात, म्हणजे ज्याला सर्वत्र हँडसेट म्हणतात त्या चिमुकल्या पेटीत, हवेतून आलेला दुबळा संकेत गोंगाटातून वेगळा काढणारी एक यंत्ररचना असते. तिला आपण संकेतशोधक म्हणू. ही रचना थोडक्या विजेत आणि थोडक्या जागेत कशी बसवावी, या एका प्रश्नावर गेली काही दशके जगातील फार मोठी बुद्धी खर्च झाली आहे, आणि त्या बुद्धीचा बराच भाग बंगळूरच्या आसपास वावरला आहे.

संकेत दुबळा म्हणजे किती दुबळा, याची कल्पना प्रथम दिली पाहिजे. एका वॅटचे दहा लक्ष भाग करावेत, त्यातील एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, आणि त्यातील एक भाग उचलावा. एवढ्याशा शक्तीवरही हँडसेटला आपले काम भागवावे लागते. त्यात हा संकेत एकटा येत नाही. इमारतींवर, झाडांवर, धावत्या मोटारींवर आपटून त्याचे अनेक पडसाद मागेपुढे येतात. शेजारच्या मनोऱ्यांचे संकेत त्यात मिसळतात. आणि संचातील विद्युत्कणांची स्वतःची सळसळ असते ती निराळीच. या साऱ्या राखेतून सोने काढावयाचे, तेही सेकंदाला लक्षावधी वेळा, आणि दहा-बारा वॅट-तासांच्या बॅटरीतून तिचा एक लहानसा घोट घेऊन.

या विद्येची सुरुवात आपल्या देशापुरती तरी कलकत्त्यास झाली. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली तेथील टाउन हॉलमध्ये विद्युत्-लहरींचे प्रयोग करून दाखविले, आणि पुढे त्या लहरी ओळखण्यासाठी त्यांनी जी साधने केली, त्यांत गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरलेला शोधक होता. त्याच्या अमेरिकन पेटंटाचा अर्ज ३० सप्टेंबर १९०१ चा आणि मंजुरी २९ मार्च १९०४ ची. अर्धवाहक पदार्थाचा असा उपयोग करणारे ते पहिल्या पेटंटांपैकी एक होय. पेटंटापासून द्रव्य मिळवावे अशी बोसांस इच्छा नव्हती; मित्रमंडळींच्या आग्रहाखातर ते घेतले गेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पेटंट कोणाच्या नावे आणि विद्या कोणाची, हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे. बोसांच्या शोधकाला बॅटरीचा खर्च जवळजवळ नव्हताच. त्याच जातीच्या स्फटिकावर पुढे असंख्य घरांत रेडिओ ऐकला गेला, तो नुसत्या लहरीच्या बळावर.

बंगळूरचा संबंध यानंतरचा. शहाजीराजांना ही जहागीर १६३८ च्या सुमारास मिळाली, तेव्हापासून मराठी माणसास हे गाव परके नाही, आणि नोकरीच्या बदलीमुळे येथे येऊन राहिलेले आमचे वाचकही थोडे नसतील. परंतु यंत्रविद्येच्या दृष्टीने या गावाचे भाग्य उघडले ते १९०९ साली. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर दरबाराने दिलेल्या ३७१ एकर जमिनीवर भारतीय विज्ञान संस्था त्या वर्षी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये दूरध्वनीची यंत्रे बनविणारी इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आली, आणि १९५४ मध्ये जलहळ्ळीस सैन्यासाठी रेडिओ-यंत्रे करणारी भारत इलेक्ट्रॉनिक्स आली. सरकारी कारखाने, सरकारी वसाहती, सकाळच्या भोंग्याबरोबर सुटणाऱ्या बसगाड्या, असे हे जग होते. पुढे ज्यास ‘खाजगी बुद्धीचे गाव’ म्हणून ख्याती मिळाली, त्याचा पाया या सरकारी नोकरांनी घातला, हे आजकाल फारसे कोणी बोलत नाही.

आता थोडा वेळ आम्हांस पुण्यास जाणे भाग आहे, कारण या कथेतील दोन्ही प्रमुख पुरुष पुण्याच्या परिसरातून गेलेले आहेत. पहिले थॉमस कैलाथ. घराणे मलयाळी, पण जन्म पुण्याचा, १९३५ चा. शाळा सेंट व्हिन्सेंट, आणि पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली दूरसंचार विषयाची पदवी. तेथून ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेत गेले आणि १९६१ मध्ये त्यांस डॉक्टरेट मिळाली. ज्या विषयात त्यांनी तेथे लेखणी धरली, तो विषय आमच्या प्रस्तुत लेखाचाच आहे.

हा विषय दुसऱ्या महायुद्धात रडारच्या निमित्ताने वाढीस लागला होता. पडद्यावर दिसलेला ठिपका विमान आहे की नुसता गोंगाट, हे कसे ठरवावे? यात दोन प्रकारच्या चुका संभवतात. विमान असून ते नाही म्हणणे, आणि नसून आहे म्हणणे. अपराधी सुटू नये आणि निरपराध अडकू नये, या न्यायाधीशाच्या पेचासारखाच हा पेच आहे, व एक चूक कमी करू गेले की दुसरी वाढते हेही तसेच. नेमन आणि पिअरसन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये या पेचाचे गणित मांडले होते, आणि १९४३ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ यांनी रडारसाठी एक सुबक नियम काढला: ज्या आकाराचा संकेत अपेक्षित आहे त्या आकाराशी आलेला संकेत ताडून पाहा, जुळणी सर्वांत जास्त जेथे होईल तेथे संकेत आहे. पण अपेक्षित आकारच वाटेत बदलून गेला असेल तर? रेडिओच्या बाबतीत नेमके हेच होते. कैलाथ यांनी १९६० च्या आपल्या निबंधात दाखविले की, अशा वेळी उत्तम शोधक दोन कामे करतो: वाटेने संकेताचे काय केले असावे याचा आधी अंदाज बांधतो, आणि मग त्या अंदाजानुसार बदललेल्या आकाराशी ताडून पाहतो. आज कोणत्याही हँडसेटातील शोधक उघडून पाहिला तर त्यात हीच दोन दालने सापडतील. मनोऱ्याकडून अधूनमधून ठरलेल्या खुणा पाठविल्या जातात, त्यांवरून वाटेचा अंदाज, आणि त्या अंदाजावरून संदेशाचा निवाडा.

दुसरे पुरुष आरोग्यस्वामी पॉलराज. जन्म १९४४ चा, तामिळनाडूतील. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते नौदलात आले आणि १९६६ मध्ये लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढे दिल्लीच्या तंत्रसंस्थेत, नौदलाची नोकरी चालू असतानाच, त्यांनी संकेतशास्त्राचा अभ्यास केला आणि १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. हा अभ्यास पुस्तकी राहिला असता. पण मध्ये एक घटना घडली.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यानजीक पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडविली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नौकेबरोबर गेले. त्यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. पाण्याखालील पाणबुडी शोधण्याचे साधन म्हणजे सोनार. (आमच्या भाषेत हा शब्द ऐकून कोणास पेढीवरचा सोनार आठवेल, पण पाण्याच्या गदारोळातून बारीकसा प्रतिध्वनी वेचणाऱ्या या यंत्रास झारेकरी म्हणणेच अधिक शोभेल.) खुकरीवरील सोनारची पकड वाढविण्यासाठी केलेल्या एका नव्या जोडणीची चाचणी त्या वेळी चालू होती, आणि त्या चाचणीसाठी नौकेचा वेग कमी ठेवलेला होता, असे नोंदले गेले आहे. ज्याला शोधावयाचे तो आधी शोधून मोकळा झाला. शोधकाचे गणित कागदावर एका टक्क्याने चुकले तर काय बिघडते, असे ज्यांस वाटते त्यांनी दीवच्या समुद्राकडे पाहावे.

युद्धानंतर नौदलाने आपल्या जहाजांवरील जुन्या ब्रिटिश सोनारांत सुधारणा करण्याचे काम तरुण पॉलराजांवर सोपविले, आणि ते यशस्वी झाल्यावर १९७७ ते १९८३ या काळात कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली ‘अप्सोह’ नावाचे संपूर्ण स्वदेशी सोनार तयार झाले. त्याची बांधणी बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्सने केली. परदेशाकडून जे मागून मिळत नव्हते ते घरी झाले. यानंतर पॉलराज काही काळ अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात कैलाथांकडे होते. तेथे दोघांनी रिचर्ड रॉय यांच्यासह, अनेक ग्राहकांवर पडलेल्या लहरींवरून त्या कोणत्या दिशांनी आल्या हे काढण्याची ‘एस्प्रिट’ नावाची रीत बसविली. ती आजही पाठ्यपुस्तकांत शिकविली जाते. १९८६ मध्ये स्वदेशी परतून पॉलराजांनी बंगळूरला संरक्षण संशोधन खात्याचे कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानव केंद्र स्थापन केले, आणि नंतर भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेची धुरा सांभाळली. १९९१ मध्ये कमोडोर म्हणून नौदलातून निवृत्त होऊन ते पुन्हा स्टॅनफर्डला गेले, ते तेथेच राहिले.

जाताच पहिल्या वर्षी जे घडले त्याने हँडसेटाचा इतिहास बदलला. विमानातून टेहळणी करताना जमिनीवरील अनेक प्रेषकांचे मिसळलेले संकेत वेगळे कसे करावेत, यासंबंधीचे प्रयोग चालू होते. दोन प्रेषक एकमेकांच्या अगदी जवळ आले तर त्यांचे संकेत वेगळे होऊ नयेत, हा समज. पण आजूबाजूला आपटून विखुरण्यासारख्या वस्तू असल्या तर जवळचे प्रेषकही वेगळे ओळखू येतात, असे पॉलराजांच्या ध्यानात आले. आजवर ज्या पडसादांना अभियंते शिव्या देत आले, ते पडसादच प्रत्येक प्रेषकाच्या अंगावर निरनिराळी खूण उमटवीत होते! मग एकाच मनोऱ्यावर अनेक अँटेना लावून, एकाच लहरीवर, एकाच वेळी, निराळे निराळे संदेश का पाठवू नयेत? घेणाराजवळ तितक्याच अँटेना असल्या की झाले. अशा रीतीने लहरींचा पट्टा न वाढविता वाहतूक दुप्पट-चौपट होऊ शकते. पॉलराज आणि कैलाथ यांच्या नावे या कल्पनेच्या पेटंटाचा अर्ज फेब्रुवारी १९९२ मध्ये झाला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ते मंजूर झाले. पेटंटाचा धनी स्टॅनफर्ड विद्यापीठ. आरंभी जाणत्यांनीही या कल्पनेवर विश्वास ठेवला नाही. बेल प्रयोगशाळेतील फोशिनी यांनी १९९६ मध्ये स्वतंत्रपणे त्याच दिशेचे गणित प्रसिद्ध केले आणि तेथील मंडळींनी १९९८ मध्ये प्रत्यक्ष यंत्र चालवून दाखविले, तेव्हा कुठे वारे फिरले. हिला आज सर्वत्र ‘मायमो’ म्हणतात.

कल्पना झाली, पण तिने सारा भार टाकला तो घेणाऱ्याच्या डोक्यावर. पाठविणाऱ्याने चार माणसांना एकदम बोलावयास लावले; कोण काय बोलले हे निवडावे ऐकणाऱ्याने. आणि हा ऐकणारा म्हणजे खिशातील पेटी. येथून खरा झारेकऱ्याचा हिशेब सुरू होतो, म्हणून येथे आम्ही थोडे सावकाश जाऊ.

समजा, मनोऱ्याच्या प्रत्येक अँटेनेतून एका वेळी ६४ चिन्हांपैकी एक चिन्ह येते. दोन अँटेना असल्या तर शक्यता झाल्या ६४ गुणिले ६४, म्हणजे ४,०९६. उत्तम शोधकाचा नियम सांगतो की, या सर्व ४,०९६ जोड्या एकेक करून आलेल्या संकेताशी ताडून पाहाव्यात आणि सर्वांत जवळची निवडावी. चौथ्या पिढीच्या दूरध्वनीत, लहरींचा पट्टा पूर्ण रुंदीचा असेल तेव्हा, अशी निवड सेकंदाला सुमारे १ कोटी ६८ लक्ष वेळा करावी लागते. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ६,९०० कोटी ताडण्या होतात. अँटेना चार झाल्या तर एकेका निवडीसाठीच १,६७,७७,२१६ शक्यता होतात, आणि पुढचा गुणाकार लिहिण्यात अर्थ नाही. उत्तर अचूक मिळेल, पण बॅटरी क्षणात संपून पेटी तव्यासारखी तापेल.

दुसरे टोक अगदी स्वस्त. वाटेने जे मिश्रण केले त्याचे उलटे गणित करून एकदम चिन्हे काढावीत. हे सोपे आहे. पण वाट दुष्ट असली, म्हणजे दोन्ही अँटेनांचे पडसाद बरेचसे सारखे असले, की उलट्या गणितात गोंगाटही फुगतो आणि निवाडा चुकतो. या दोन टोकांच्या मधली वाट शोधणे हाच हँडसेट-शोधकाचा सारा इतिहास.

मधल्या वाटेचा एक प्रकार गणितज्ञांनी दुसऱ्याच कामासाठी तयार करून ठेवला होता. फिंके आणि पोस्ट या अंकशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाळीच्या बिंदूंतील लहान अंतरे काढण्याची जी रीत सांगितली, तीच व्हितर्बो आणि बूत्रोस यांनी १९९९ मध्ये संकेतशोधनास लावली. आमच्या वाचकांस ती कचेरीच्या भाषेत चटकन समजेल. एका निनावी अर्जाचा कर्ता शोधावयाचा आहे. साऱ्या जिल्ह्यातील प्रत्येक माणसाचे हस्ताक्षर मागवावे हा मूर्खपणा. शहाणा कारकून प्रथम तालुका ठरवितो, मग गाव, मग वाडी. आणि प्रत्येक पायरीवर विसंगतीचे गुण मांडीत जातो. एखाद्या तालुक्याच्या पायरीवरच विसंगती इतकी झाली की, आधी सापडलेल्या उत्तम उमेदवारापेक्षा ती जास्त भरते, तर त्या तालुक्यातील एकही गाव तो पाहत नाही. सारी शाखा एका शेऱ्यानिशी दप्तरी दाखल. उत्तर तेच मिळते, पण चौकशी शेकड्यांनी कमी होते. यात एकच वैगुण्य. एखादे प्रकरण चटकन निकाली निघते, तर एखादे रेंगाळत राहते. आणि यंत्रास रेंगाळून चालत नाही, कारण पुढची बारनिशी दारात उभीच असते. म्हणून यंत्र रचणाऱ्यांनी नियम केला की, प्रत्येक पायरीवर ठराविक संख्येचेच उमेदवार पुढे न्यावेत, बाकीचे सोडावेत. क्वचित खरा माणूसच सुटतो. पण काम वेळेवर होते. झुरिचच्या तंत्रसंस्थेतील संशोधकांनी २००५ मध्ये अशा रीतीच्या चिपा प्रत्यक्ष सिलिकॉनवर करून दाखविल्यावर ही कल्पना व्यवहारात येईल असा भरवसा आला.

पायऱ्यांनी शोधावयाचे म्हणजे मिश्रणाचे गणित आधी पायऱ्यांच्या आकारात मांडून घ्यावे लागते, आणि त्यासाठी कोनांनी फिरविण्याच्या असंख्य क्रिया कराव्या लागतात. गुणाकाराचे यंत्र चिपेवर जागाही खाते आणि वीजही. येथे कामी आली ती जॅक व्होल्डर यांनी अमेरिकन बाँबफेकी विमानातील दिशादर्शक यंत्रासाठी बसवून १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘कॉर्डिक’ रीत. आपण दहाने गुणताना नुसते एक शून्य पुढे मांडतो, तसे यंत्रास दोनने गुणण्याभागण्यासाठी अंक सरकविणे पुरते. व्होल्डर यांनी दाखविले की, कोणताही कोन अशा सरकविण्याच्या आणि बेरजेच्या क्रियांनी पायरीपायरीने गाठता येतो. गुणाकाराची गरजच नाही. घरची वृद्ध मंडळी पावकी-निमकीच्या आधारे तोंडी हिशेब करीत, त्यातील चातुर्य याच जातीचे होते. अशा लहान लहान घटकांची रांग लावून, एकाचे काम संपताच दुसऱ्याच्या हाती देत, सारे गणित लयीत चालवावे, या रचनेचा पुरस्कार १९८० नंतर ज्यांनी केला त्यांत कैलाथ व त्यांचे शिष्य अग्रभागी होते.

आणखी एक काटकसर सांगून हा तपशील पुरा करतो. संख्या किती आकड्यांपर्यंत मांडावयाची? प्रयोगशाळेत दशांशानंतर पंधरा स्थळे घेतली तरी कोणी विचारीत नाही. हँडसेटात प्रत्येक जादा अंक म्हणजे जादा तारा, जादा ट्रान्झिस्टर, जादा वीज. म्हणून दहा-बारा द्विमान अंकांत सारे बसवावे लागते, आणि कोठे किती कापले असता निवाडा बिघडत नाही, हे पाहण्यात अभियंत्यांचे महिनेच्या महिने जातात. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. त्यावर पारितोषिके नाहीत. पण ते बंगळूरमध्ये जितके झाले तितके जगात थोड्या ठिकाणी झाले असेल.

या कामाचा बंगळूरातील श्रीगणेशा १९८५ मध्ये झाला. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने त्या वर्षी मिलर्स रोडवर आपले आरेखनाचे कार्यालय थाटले आणि आराखडे उपग्रहामार्गे डॅलसला धाडण्याची सोय केली. त्या सोयीसाठी किती खात्यांच्या मंजुऱ्या लागल्या असतील, त्या फायलींचा प्रवास आमच्या वाचकांस सांगावयास नको. उपग्रहाकडे तोंड करणाऱ्या त्या थाळीचे सामान बैलगाडीतून आणले गेले, ही हकीकत पुढे त्या कंपनीनेच कौतुकाने सांगितली. संकेतावर संस्कार करणाऱ्या चिपा ही या कंपनीची खासियत. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्या पिढीच्या संचात एकच अँटेना असे आणि शोधकाचे मुख्य काम पडसाद निस्तरण्याचे असे. एक अंक सुमारे ३.७ मायक्रोसेकंद टिके आणि त्याचा पडसाद पुढील चार-पाच अंकांवर सांडे. विटर्बी यांची १९६७ ची रीत त्यावर रामबाण ठरली, आणि ती चालविणाऱ्या चिपांत टेक्सासचा वाटा मोठा होता. पुढे संचातील सारी यंत्रणा एकाच चिपेत आणून दूरध्वनी स्वस्त करण्याचा जो उद्योग या कंपनीने २००४ च्या सुमारास केला, त्यात बंगळूरच्या पथकाचा हात होता. शेतमजुराच्या हाती दूरध्वनी आला याचे श्रेय आपण स्वस्त दरांना देतो. पण संच स्वस्त झाला नसता आणि एका भरणीवर दोन-तीन दिवस टिकला नसता, तर दर स्वस्त होऊन काय उपयोग होता?

मायमोचा शोधक हातातील संचात आणण्याच्या प्रयत्नात पॉलराज स्वतः उतरले. १९९८ मध्ये काढलेली त्यांची पहिली कंपनी २००३ साली इंटेलकडे गेली. त्याच वर्षी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘बीसीम’ ही दुसरी कंपनी स्थापिली. मुख्य कार्यालय कॅलिफोर्नियात, परंतु अभियांत्रिकीचे मोठे केंद्र बंगळूरला. ‘वायमॅक्स’ नावाच्या पद्धतीसाठी, हातात बाळगण्याच्या यंत्रांत बसेल असा अनेक अँटेनांचा ग्राहक या कंपनीने तयार केला. ज्या गावी पूर्वी पाणबुडीचा प्रतिध्वनी वेचणारी यंत्रे बांधली गेली, त्याच गावी त्याच माणसाच्या विद्येतून खिशातील शोधक उतरला, या योगायोगाचे आम्हांस नवल वाटते. दुर्दैवाने वायमॅक्स ही पद्धतच बाजारात मागे पडली. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने बीसीम विकत घेतली, आणि तिची विद्या चौथ्या पिढीच्या कामी लागली. मे २०१२ मध्ये बंगळूरात चौथ्या पिढीची सेवा सुरू झाली, देशात कलकत्त्यानंतर दुसऱ्या क्रमांकाने.

विज्ञान संस्थेत या काळात एक निराळा प्रयत्न चालू होता. चार-आठ नव्हे, शेकड्यांनी अँटेना असतील तर? पायऱ्यांची रीत तेथे हात टेकते. ए. चोकलिंगम आणि बी. सुंदर राजन या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांसह २००८ मध्ये सुचविलेला उपाय इतका साधा आहे की, प्रथमदर्शनी तो पुरेल असे वाटत नाही. स्वस्त रीतीने एक कच्चे उत्तर काढा. मग त्यातील एकेक अंक उलटा करून पाहा. जुळणी सुधारली तर तो बदल ठेवा, नाही तर सोडा. सुधारणा थांबली की थांबा. दोन-चार अँटेनांच्या बाबतीत ही रीत कुठल्या तरी खळग्यात अडकून बसते. पण अँटेनांची संख्या वाढत जाते तसतशी तिची चूक कमी होत जाते, आणि शेवटी ती उत्तम शोधकाच्या अगदी जवळ पोचते. ओझे वाढले की बैल अधिक नीट चालावा, तसा हा प्रकार. या दोघांचे या विषयावरील पुस्तक २०१४ मध्ये केंब्रिजने प्रसिद्ध केले. पाचव्या पिढीच्या मनोऱ्यांवर ६४ अँटेनांचे फलक दिसू लागले ते त्यानंतर.

आता तो अवघड प्रश्न. हे सारे डोके आपले, गाव आपले. पण चिपेवर छाप कोणाची? कैलाथांस २००९ मध्ये आणि पॉलराजांस २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले. २०१४ मध्ये पॉलराजांस मार्कोनी पारितोषिकही मिळाले. बोस आणि मार्कोनी यांचा जुना वाद ज्यांस ठाऊक आहे त्यांस या नावात थोडा खट्याळपणा दिसेल. पण मूळ पेटंट स्टॅनफर्डचे, कंपन्या कॅलिफोर्नियाच्या, आणि बंगळूरचा अभियंता बहुधा दुसऱ्याच्या पेढीवरचा पगारी झारेकरी. त्यात कमीपणा आहे असे आम्ही मानीत नाही; विद्या अशीच हातोहात शिकली जाते. मात्र सोनार उभा करणाऱ्या माणसास देशात पुढचे काम मिळू नये आणि त्याने सत्तेचाळिसाव्या वर्षी परदेश जवळ करावा, यात आपल्या व्यवस्थेचा दोष आहे, हेही लपविता येणार नाही. तो माणूस राहिला असता तर मायमोचे पेटंट जलहळ्ळीहून निघाले असते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. जलहळ्ळीस त्या वेळी तसल्या प्रयोगाचे गिऱ्हाईकच नव्हते.

गिऱ्हाईक हळूहळू उभे राहू लागले आहे. भारतात पाचवी पिढी कशी आणावी याचा अहवाल सरकारला २०१८ मध्ये ज्या समितीने दिला, तिचे अध्यक्ष पॉलराजच होते. त्याच वर्षी डिसेंबरात बंगळूरच्या सांख्य लॅब्ज या कंपनीने ‘पृथ्वी-३’ ही चिप पुढे आणली; तीत शोधक ठोकळेबाज नसून सॉफ्टवेअरने बदलता येतो, त्यामुळे तीच चिप निरनिराळ्या पद्धतींचे प्रक्षेपण ओळखू शकते. २०२२ मध्ये तेजस नेटवर्क्सने ही कंपनी आपल्याकडे घेतली. तेजसही बंगळूरचीच, तेव्हा या खेपेस दागिना गावाबाहेर गेला नाही. आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत, बंगळूरच्याच सिग्नलचिप या २०१० मध्ये स्थापन झालेल्या लहान कंपनीने चौथ्या आणि पाचव्या पिढीसाठी रचलेल्या चार चिपा दाखविल्या. त्यांतील एकीत लहर घेण्यापासून संदेशाचा निवाडा करण्यापर्यंतचे सारे काम एकत्र बसविलेले होते. हँडसेटापेक्षा मनोऱ्याच्या बाजूचे काम त्यांच्यापुढे अधिक होते. या मालिकेस त्यांनी नाव दिले ‘आगुंबे’. सह्याद्रीच्या माथ्यावरील, कर्नाटकात पावसासाठी प्रसिद्ध असलेले हे खेडे. दाट रानामुळे आणि उंचसखल कड्यांमुळे जेथे कोणताही संकेत शंभर ठिकाणी आपटून मगच पोचायचा.